'दुसरा मार्गच नसतो' हे पटत नाही

'मूल हाताबाहेर गेलं की आईबापांपुढे मुलांना ठेवून घेऊन सुधारणारं निवासी केंद्र हाच मार्ग उरतो' असं म्हटलं जातं. त्यामागची हतबलता खरी आहे. पण अमेरिकेतल्या कित्येक केंद्रांत मुलाला पहाटे अंथरुणातून उठवून अनोळखी माणसं गाडीत घालून नेतात, तेही पालकांच्या संमतीने. पुढे घरी फोन करायचा तर शेजारी कर्मचारी ऐकत बसलेला. तक्रार केली की 'अजून सुधारला नाही' म्हणून सवलती बंद. अशा ठिकाणी मूल गप्प राहायला शिकतं आणि त्यालाच सुधारणा म्हणतात! मग बाहेर पडताना त्याने 'मला फायदा झाला' असं लिहून दिलं, तर त्याला काय किंमत द्यायची?

२०२० मध्ये मिशिगनमधल्या एका केंद्रात १६ वर्षांच्या मुलाने सँडविच फेकलं, म्हणून कर्मचाऱ्यांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं. दोन दिवसांनी तो गेला. एका सँडविचपायी.

किशोरवयात अशाच केंद्रात राहिलेल्या पॅरिस हिल्टन या अमेरिकी सेलिब्रिटीने २०२१ मध्ये आपबीती सांगितल्यावर युटा राज्यात नियम कडक झाले. डिसेंबर २०२४ मधला अख्ख्या अमेरिकेसाठीचा कायदा मात्र मुख्यतः अशा केंद्रांची पाहणी-अभ्यास करण्यापुरता आहे. सगळीकडे नियम कडक होईपर्यंत तरी, घरीच राहून सगळ्या कुटुंबासोबत करायचे उपचार आधी का करून पाहू नयेत?