मे महिन्यातली झाडांची हजामत सोसायट्यांनी बंद करावी का?

बकुळीखाली

वळवाचे ढग दिसू लागले की आमच्या भागात टेम्पो फिरायला लागतात. मागे नायलॉनचा दोर, दोन-तीन कोयते, एक चेनसॉ आणि वर चढणारी दोन पोरं. कमिटी सांगणार, "पावसाच्या आधी झाडं हलकी करून द्या". मग गुलमोहर, पीतमोहर, रेन ट्री, सगळे एकाच उंचीवर सरसकट उडवले जातात. बऱ्याच ठिकाणी मजुरी कमी आणि लाकूड त्यांचं, असा सौदा असतो. म्हणजे फांदी जेवढी जाड, तेवढा कापणाऱ्याचा फायदा. लाकडाचे पैसे ज्याला मिळणार, किती कापायचं ते त्यानेच ठरवायचं! घराच्या रंगकामात तरी असा व्यवहार कोणी करेल का?

माझं म्हणणं असं, की ही शेंडेउडवणी बंद करावी. तेच पैसे आधी झाड नीट बघणाऱ्या माणसाला द्यावेत आणि तो दाखवेल तेवढ्याच फांद्या काढाव्यात.

शेंडा उडवल्यावर काय होतं ते ऑगस्टमध्ये मान वर करून बघा. कापलेल्या टोकांभोवती सरळसोट धुमाऱ्यांचे झुबके आलेले असतात. पानं गेल्यामुळे झाड उपाशी पडलेलं असतं, म्हणून साठवणीतलं खर्चून ते घाईघाईने फुटतं. कमिटीला ती हिरवळ बघून बरं वाटतं. पण साध्या फांदीचं मूळ लाकडात आतवर गेलेलं असतं, तर हे धुमारे फक्त सालीलगतच्या थराला धरून असतात. दोन-चार वर्षांत ते मनगटाएवढे होतात, तोवर खालचं टोक कुजू लागलेलं असतं आणि वाऱ्यात नेमके तेच खाली येतात. मग कमिटी म्हणते, "बघा, दरवर्षी कापायलाच हवं."

कापायच्या जागेचंही तेच. फांदी खोडाला मिळते तिथे जरासं फुगीर कडं असतं. त्याच्या किंचित बाहेर कापलं तर चहूबाजूंनी नवी साल येऊन जखम हळूहळू झाकली जाते. खोडालगत सपाट कापलं तर कडंच जातं, आणि हातभर खुंटी ठेवली तर ती वाळून कूज आत नेते. जड फांदी तीन कापांत उतरवायची असते. आधी खोडापासून फूटभरावर खालून थोडासा काप, मग त्याच्या जरा पुढे वरून आरपार, आणि वजन गेल्यावर उरलेली खुंटी कड्याशी. खालचा काप दिला नाही तर मोडणारी फांदी खोडाची साल सोलत खाली नेते. आमच्या गेटजवळच्या पीतमोहराला पुरुषभर लांबीचा असा सोललेला पट्टा आहे. कडेची साल आत वळली आहे, मधलं लाकूड काळं पडलंय आणि मुंगळ्यांची ये-जा चालू असते.

कमिटीतला एक

वाचलं. आता सोसायटीच्या बाजूने थोडं. झाड किंवा फांदी पडली की पहिला फोन सेक्रेटरीला येतो. गाडी चेपली तर भांडण, माणूस जखमी झाला तर पोलीस. 17 मे 2021ला तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं तेव्हा किती झाडं उन्मळली ते आठवतं ना? 2017च्या जुलैत चेंबूरला रस्त्याने चालणाऱ्या बाईंवर नारळ कोसळला आणि त्या गेल्या. मुंबईत तर पावसाळ्याआधी झाडं छाटून घ्या म्हणून पालिकाच खाजगी आवारांना नोटिसा देते. मग काय, कमिटीने नोटीस फ्रेम करून ऑफिसात लावायची?

आणि "झाड बघणारा माणूस" म्हणजे कोण? माळी? तो लॉनला पाणी घालतो आणि हेज कापतो. झाडांचे डॉक्टर आमच्या गल्लीत तरी बोर्ड लावून बसलेले नाहीत. मिळाले तरी त्यांची फी सर्वसाधारण सभेत मांडली की आधी मेंटेनन्स थकवणारेच उठून ओरडणार.

वाडीतला

चेंबूरचं उदाहरण इथे गैरलागू. नारळाला कुठे फांद्या होत्या हलक्या करायला? माड, पोफळ यांची गोष्टच निराळी. त्यांच्या खोडाला जखम भरून काढणारा थर नसतो, एकदा पडलेली खाच जन्मभर तशीच राहते. चढायला सोपं म्हणून पूर्वी खोडाला खाचा पाडायचे, त्या आजही जुन्या माडांवर मोजता येतात. ताज्या जखमेच्या वासाने सोंड्या भुंगा येतो, आतून पोखरतो, बाहेरून कळत नाही. शहरातले लोक "साफसफाई" म्हणून हिरव्या झावळ्याही उतरवतात आणि वर पिसारा तेवढा ठेवतात. वाळक्या झावळ्या आणि नारळ काढा, बाकी हात लावू नका. त्यासाठी माडावर चढून नारळ उतरवणारा पाडेली बोलवा, चेनसॉवाला नको.

निफाडचा बागायतदार

बकुळीखाली ताई, जरा अतीच होतंय. आम्ही द्राक्षाची एप्रिलला खरड छाटणी घेतो आणि ऑक्टोबरला पुन्हा छाटतो. वर्षातून दोनदा! वेल मरत नाही, उलट छाटलं नाही तर घड धरत नाही. झाड कापल्याने फुटतं, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवायला लागत नाही. कापून झालं की मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची, विषय संपला.

बकुळीखाली

दादा, तुमची काडी बोटाएवढी असते, सिकेटरच्या, म्हणजे छाटणीच्या कात्रीच्या, एका चापात तुटते. वेल पहिल्या वर्षापासून त्याच छाटणीसाठी वळवलेला असतो आणि त्याच्याकडून आपल्याला घड हवे असतात. रेन ट्रीकडून कोणाला घड हवेत? मांडीएवढी फांदी मधेच कापली की आतलं जुनं लाकूड उघडं पडतं. तिथे नवं काही उगवून भरत नाही.

पेस्टबद्दल म्हणाल तर अमेरिकेच्या वनखात्यातले अॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून आत काय होतं ते पाहिलं. 1970च्या दशकात त्यांनी मांडलं, की झाड सडलेला भाग दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून त्याला कोंडतं. वरून लावलेल्या रंगाने आणि डांबराने कूज थांबत नाही, हेही त्यांनीच दाखवलं. आमच्याकडे तर कापलेल्या टोकाला चक्क ऑइल पेंट फासतात, वर गेरू-चुन्याचे पट्टे. लग्नातल्या केळीच्या खांबासारखं दिसतं, एवढाच उपयोग.

निफाडचा बागायतदार

डांबर आणि बोर्डो एकाच मापाने मोजू नका. बोर्डो बुरशीवर चालतं. डाळिंबात, आंब्यात लोक उगाच लावत नाहीत. तुमच्या शिगोसाहेबांची झाडं थंड मुलखातली, आपल्याकडे छाटणी झाली की महिन्याभरात चार महिन्यांचा पाऊस लागतो. मी तर लावणार.

बकुळीखाली

लावा की. लावली म्हणून चुकीच्या जागेचा काप बरोबर होत नाही, एवढंच माझं म्हणणं.

पेव्हर ब्लॉक

सगळे वर बघताय, दोष खाली आहे. मुळापासून उन्मळलेलं झाड नीट पाहा. एका बाजूची मुळं ड्रेनेजच्या नाहीतर केबलच्या चरात सफाईने कापलेली असतात. उरलेल्या बाजूला खोडाला भिडवून ब्लॉक बसवलेले. राष्ट्रीय हरित लवादाने 2013मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडाभोवती एक मीटर जागा काँक्रीटविना मोकळी ठेवायला सांगितलं होतं. आमच्या पार्किंगमध्ये एक वीतभर सोडली असती तरी मी पेढे वाटले असते. डोकं भादरून पायाचा रोग बरा होत नाही.

कमिटीतला एक

पार्किंगची एक जागा कमी केली तर तुमची गाडी बाहेर लावणार का? नाही ना? मग पेढे राहू द्या.

टेम्पोवाला

मी तोच टेम्पोवाला. पोराने धागा दाखवला म्हणून लिहितोय, तोही मीच सांगतोय तसं टाइप करतोय.

तीन काप आम्हाला येतात. खालून चावा दिल्याशिवाय मोठी फांदी कोणी शहाणा सोडत नाही, कारण साल सोलत आली तर फांदी झुलून आधी वरच्याच पोराच्या अंगावर येते. तुमच्या पीतमोहरावर ज्याने काम केलं तो घाईत असेल नाहीतर नवखा. पण मॅडम, गिऱ्हाईक काय म्हणतं ते ऐका. मी चार वाळक्या फांद्या आणि एक बेचक्यात घासणारी काढली की खालून आवाज येतो, "एवढंच? पैसे कसले घेता?" दुसऱ्या मजल्याला ऊन पाहिजे, तिसऱ्याला टीव्हीची छत्री मोकळी पाहिजे, खालच्याला गाडीवर पानं नकोत. कमी कापणाऱ्याला पुढच्या वर्षी फोन येत नाही. परवानगीचा कागद मागितला की निम्मी गिऱ्हाइकं फोन ठेवतात.

चेनसॉला नावं ठेवू नका. कोयत्याने दहा घाव घालून चिंध्या करण्यापेक्षा मशीनचा काप साफ असतो. पण झाडावर एका हाताने मशीन धरून, दुसऱ्या हाताने फांदी पकडून काम करायचं नाही. पात्याच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की मशीन उसळून तोंडावर येतं. वर मी हातकरवत देतो, मशीन शक्यतो खाली तुकडे करायला. बेल्ट आणि हेल्मेटचे पैसे कोटेशनमध्ये लिहिले की सेक्रेटरी पहिले तेच खोडतात. पोरगा पडला तर मग "आमचा संबंध नाही, ठेकेदाराला विचारा".

लाकूड आमचं हा सौदाही आम्ही काढलेला नाही. रोख कमी द्यावी लागते म्हणून सोसायट्यांनाच आवडतो. गुलमोहराच्या लाकडाला तसा भावही नाही.

कावळ्याची शाळा

छाटणी कशी करायची यावर इतकं चाललंय, कधी करायची यावर एकही ओळ नाही. मे म्हणजे कावळ्यांच्या घरट्यांत पिल्लं असायचे दिवस. जानेवारी-फेब्रुवारीत करा ना. वाळकं काय, जिवंत काय, तेव्हाही दिसतं.

बकुळीखाली

कावळ्यांचा मुद्दा मान्य, तो मी लिहायला हवा होता. टेम्पोवाले दादा, तुमचं पटलं, पण अर्धंच. गिऱ्हाईक म्हणतं म्हणून शेंडा उडवणार असाल तर दरवर्षी पुन्हा काम निघतं, हेही तुमच्या सोयीचंच आहे. आणि परवानगीशिवाय सुरुवात करू नका. शहरी भागासाठी 1975चा वृक्ष संरक्षण कायदा आहे, छाटणीलाही पालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज लागतो. 2021च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनी झाडं वारसा वृक्षांत मोडतात. आमचा रेन ट्री त्यात बसत असेल, बिल्डिंगहून तो जुना आहे.

टेम्पोवाला

सोयीचं आहे, नाही कुठे म्हणतो? फांद्यांवर आधी चुन्याने खुणा करून द्या, तेवढ्याच काढतो. लाकूड सोसायटीचं, मला दिवसाचा रोज द्या. दोन माणसं वर, दोन खाली, दोर आणि बेल्ट धरून.

कमिटीतला एक

खुणा कोण करणार, हा प्रश्न राहिलाच. आणि लाकूड आम्ही ठेवणार कुठे, क्लबहाउसमध्ये? पण ठीक आहे, जानेवारीच्या मीटिंगला विषय घेतो. रोजाचा आकडा सांगा.

टेम्पोवाला

झाड बघितल्याशिवाय आकडा सांगत नाही.

कमिटीतला एक

बघायचे पैसे लागतील का?

टेम्पोवाला

वरच्या ताईंना विचारा. त्याच म्हणाल्या, बघणाऱ्याला द्या म्हणून.