मदत हवी आहे: इन्व्हेस्टिगेटरच्या पोस्टसाठी रायटिंग सॅम्पल मागितलंय, काय पाठवू?

केतकी_र: परवा रात्रीपर्यंत पाठवायचंय म्हणून घाईत लिहितेय. मानवाधिकार तपासाच्या एका पोस्टसाठी शॉर्टलिस्ट झालेय, आता ते म्हणतात तुम्ही लिहिलेला एखादा तपासाचा मजकूर जोडा, पाच पानांपर्यंत. माझ्याकडे आहेत ते सगळे साक्षीदारांचे जबाब. नावं काळी करून पाठवले तर चालतील का? ज्यांना नक्की माहितीय त्यांनीच सांगा प्लीज.

रानवारा: पोस्ट कुठली? यूएन, एनजीओ की कोर्ट? आणि जबाब कुणी घेतलेत?

केतकी_र: एनजीओ. त्याने काय फरक पडतो?

दीपस्तंभ७: पडतो ना. यूएनच्या चौकशी आयोगाला सहसा 'विश्वास ठेवायला वाजवी कारण आहे' एवढा निकष पुरतो, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात (आयसीसी) दोषी ठरवायचं तर वाजवी शंकेला जागाच उरता कामा नये. कशासाठी लिहिताय त्यावर मजकूर किती बारीक हवा ते ठरतं.

शब्दवेध: एवढा विचार नका करू, नावं काळी करा आणि द्या पाठवून. मी तसंच केलं होतं आणि मला नोकरी मिळाली.

मीरा_तपास: नाही हो, अजिबात पाठवू नका!! नाव गेलं तरी तारीख, वय, जखम कुठे झाली, त्या रात्री सोबत कोण होतं हे सगळं राहतंच, आणि लहान वस्तीत एवढ्यावरून माणूस लगेच ओळखू येतो. पीडीएफवर नुसती काळी पट्टी ओढलेली असेल तर खालचा मजकूर कॉपी करूनही निघतो. आणि मुख्य म्हणजे त्या बाईने किंवा माणसाने संमती दिली ती त्या तपासापुरती, तुमच्या अर्जासाठी नाही.

शब्दवेध: अहो भरतीवाले वरवर चाळतात आणि बाजूला ठेवतात, कोण शोधत बसतंय.

मीरा_तपास: कोण वाचेल ते तुम्हाला कसं कळणार? मेल फॉरवर्ड होतात, लॅपटॉप चोरीला जातात. नंतर त्रास जबाब देणाऱ्याला होतो, आपल्याला नाही.

उपग्रह: जबाब सोडाच, एखादा सार्वजनिक व्हिडिओ घेऊन त्याचं व्हेरिफिकेशन लिहा. लिबियातला कमांडर वेरफल्ली, त्याच्यावर आयसीसीने 2017 मध्ये अटक वॉरंट काढलं, त्या वॉरंटचा मोठा आधार सोशल मीडियावरचे व्हिडिओच होते. सावलीवरून वेळ काढायची, डोंगररांग आणि इमारती सॅटेलाइट फोटोशी जुळवायच्या, मूळ फाइलची हॅश (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) नोंदवून ठेवायची. इंटरनेटवरच्या पुराव्यांच्या तपासाची मार्गदर्शिका म्हणजे बर्कले प्रोटोकॉल, 2020 चा आहे, त्यात पद्धत दिलीय. दोन दिवसांत होतं.

दीपस्तंभ७: दोन दिवसांत घाईचं व्हेरिफिकेशन म्हणजे चुकीला आमंत्रण. आणि व्हिडिओत गोळी झाडणारा दिसतो, हुकूम कुणी दिला ते बहुतेक वेळा माणसांकडूनच कळतं.

उपग्रह: माणसांची आठवण पण चुकते. दोन्ही लागतं, मी जबाब नकोतच असं कुठे म्हणालो.

निळावंती: फ्रेंच येतं का तुम्हाला? आयसीसीच्या कामकाजाच्या भाषा इंग्रजी आणि फ्रेंच, लगेच सुरू करा. आणि यूएनच्या नावाने कुणी अर्जाचे पैसे मागितले तर देऊ नका, यूएन भरतीच्या कुठल्याच टप्प्यावर फी घेत नाही.

केतकी_र: फ्रेंचचं विचारलंच नव्हतं मी. परवा द्यायचंय हो.

रानवारा: जबाब कुणी घेतले ते अजून सांगितलं नाहीत.

केतकी_र: प्रश्न दुसरं कुणीतरी विचारायचं, मी दुभाषी होते, चार वर्षं. मसुदा मीच लिहायचे, म्हणून माझाच समजत होते. गोपनीयतेच्या करारावर सही आहे पण ती संस्था सोडून वर्ष झालं.

मीरा_तपास: अहो हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं! अशा करारातलं बंधन साधारणपणे नोकरी सोडल्यावरही राहतं, तो काढून वाचा आधी. आणि आत्ताच त्यांना मेल करा की माझं काम गोपनीय आहे, काल्पनिक प्रकरणावर नमुना दिला तर चालेल का. तपासाचं काम करणारी संस्था असेल तर त्यांना हे लगेच कळेल. नमुन्यावर पहिल्याच ओळीत 'काल्पनिक' लिहा. साक्षीदाराने स्वतः काय पाहिलं आणि काय नुसतं ऐकलं ते वेगळं ठेवा, दुजोरा कशाला मिळाला, कशाला नाही, तेही स्पष्ट लिहा. दुभाषी होतात हेही लपवू नका, जबाब देताना माणूस कुठे अडखळतो ते दुभाष्याइतकं जवळून फार थोड्यांनी ऐकलेलं असतं.

केतकी_र: मेल केला. उत्तर येईपर्यंत लिहायला घेते. कोठडीतला मृत्यू घेऊ की विस्थापन?

मीरा_तपास: कोठडीतला मृत्यू. त्यात कागद भरपूर असतात, आणलं त्या वेळची नोंद, डॉक्टरांची नोंद, शवविच्छेदन, त्यामुळे वेळा कुठे जुळत नाहीत ते पाच पानांत दाखवता येतं. संशयास्पद मृत्यूंच्या तपासाची यूएनची मार्गदर्शिका, म्हणजे मिनेसोटा प्रोटोकॉल, तिची 2016 ची सुधारित आवृत्ती शेजारी उघडून ठेवा, आणि छळाच्या खुणा आणणार असाल तर इस्तंबूल प्रोटोकॉल (छळाच्या तपासाची यूएनची मार्गदर्शिका) 2022 चाच घ्या, जुना नको.