बहिष्कारामुळे मिळालेलं सुवर्ण?

कुणीतरी लिहिलंय की इटलीची धावपटू गॅब्रिएला डोरिओ हिचं १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधलं १५०० मीटरचं सुवर्ण म्हणजे सोव्हिएत संघ आणि त्याच्या मित्रदेशांनी घातलेल्या बहिष्काराची मेहेरबानी. अर्धं मान्य. सोव्हिएत धावपटू काझानकिना आली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. १९८० साली मॉस्कोत तिनेच १५०० मीटर जिंकली होती आणि डोरिओ चौथी आली होती.

पण लॉस एंजेलिसला समोर कोण होतं तेही बघा की! डॉइना मेलिंते ८०० मीटरचं सुवर्ण खिशात घालून आलेली, आणि मारिचिका पुइका आदल्याच दिवशी ३००० मीटर जिंकलेली (मेरी डेकर पडली तीच शर्यत). त्या दोघी रोमानियाच्या, आणि सोव्हिएत गटात असूनही रोमानियाने बहिष्कार धुडकावला होता, म्हणजे दोघी हजर. शेवटच्या फेरीत मेलिंते पुढे निघाली. तिथे बहुतेक जणी रुपेरीवर समाधान मानतात. डोरिओने शेवटच्या सरळ पट्ट्यात तिला पुन्हा गाठलं. ४:०३.२५ विरुद्ध ४:०३.७६, जेमतेम अर्ध्या सेकंदाचा फरक. वेळ काही थोर नाही, पण डावपेचांच्या शर्यतीत घड्याळ कोण बघतं?

आणि ती काही अचानक उगवलेली नव्हती. १९७६ला माँट्रियलच्या अंतिम फेरीत ती १९ वर्षांची पोर होती. १९८२चा तिचा ३:५८.६५ हा इटालियन विक्रम सिंतायेहू विस्साने मोडला तो थेट २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये. बेचाळीस वर्षं! तो तर बहिष्कारामुळे टिकला नव्हता ना?

इटलीच्याच पाओला पिग्नीबद्दलही कुणी लिहा. १९७२ला म्युनिकमध्ये बायकांची १५०० मीटर पहिल्यांदाच आली, त्यात तिचं कांस्य होतं.