‘पट्टी’ आणि ‘स्केल’ : एकच की वेगळे?

प्रश्न, फोंड्याहून :
चवथीच्या भजनाची तालीम चालली आहे. एक नवीन चाल बसवायची म्हणून भाच्याला मोबाईलवरचं गाणं ऐकवलं आणि म्हटलं, जरा स्केल सांग. तो कॉलेजात गिटार वाजवतो. दोनदा ऐकून म्हणाला, “मायनर.” मी म्हटलं, “अरे, स्केल विचारली. काळी एक, काळी दोन, काय ते सांग. माझ्या कानाला पांढरी एक वाटते.” तर म्हणे, “मामा, ती ‘की’ (key) झाली, स्केल नव्हे. आणि पांढरी एक तर नाहीच.” तीस वर्षं पेटी वाजवतोय. शब्द माझा चुकला की त्याचा?

म्हापशाहून, पेटीवाला :
शब्द दोघांचेही बरोबर, दुकानं वेगळी. आपल्या भजनीमंडळात ‘तुमची स्केल काय?’ याचं उत्तर ‘काळी चार’ असंच येतं. म्हणजे पेटीच्या कितव्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर सा धरायचा तेवढंच. स्केलचेंजर पेटी तरी काय करते? बोटं तिथेच ठेवून सा वर-खाली सरकवते, सुरांची मांडणी बदलत नाही. गिटारवाल्यांची स्केल म्हणजे मात्र ती मांडणीच : ग शुद्ध की कोमल, ध कुठला, नी कुठला. मी स्वतः पहिल्याला ‘पट्टी’ म्हणतो. पेटीवर बोट जिथे पडतं ती पट्टी, गाणं जिथून उभं राहतं तीही पट्टी. एवढा सोयीचा शब्द घरात असताना स्केल कशाला?

साखळीहून :
पट्टी मान्य. पण मांडणीला मराठीत काय म्हणणार? ‘सप्तक’ नको, ते मंद्र-मध्य-तार, म्हणजे खालचं-मधलं-वरचं, सांगायला लागतं. ‘थाट’ म्हणावं तर संगीतशास्त्री भातखंड्यांच्या दहा थाटांत प्रत्येकी सात स्वर, आणि आपली निम्मी भजनं भूपासारखी पाच स्वरांत. ‘स्वरावली’ छापील वाटते, तालमीत कोणी उच्चारणार नाही.

पेटीवाला :
तालमीत आम्ही नाव देतच नाही. ‘सूर कुठले लागतात?’ एवढं विचारतो, काम भागतं.

आता मूळ प्रश्न, कानाने ओळखायचं कसं. बहुतेक जण पहिला सूर धरतात आणि तिथेच फसतात. चाल पंचमावरून उठेल, गंधारावरून उठेल, तिचा काय भरवसा? धरायचा तो टेकण्याचा सूर. धृपदाची ओळ संपते तिथे गाणं बंद करा आणि तोंडाने ‘आ’ लावा. जिथे जीव थांबतो तो बहुतेक सा. मग तो पेटीवर शोधा. तबला ऐकू येत असेल तर आणखी सोपं, दायाँ बहुधा सा मध्येच मिळवलेला असतो. घुमट या मातीच्या वाद्याचा इथे उपयोग नाही, तो लयीचा धनी. सा बसला की आधी गंधार तपासा. अर्धं कोडं तिथेच सुटतं. मग ध आणि नी, मध्यम शेवटी.

जुनी रेकॉर्डिंगं असली की दोन पट्ट्यांच्या मधला सूर निघतो, कारण टेप जरा जलद किंवा सावकाश चाललेली असते. चवथीच्या आरतीत तर माणसंच मधला सूर लावतात. कोणी काका काळी एक आणि पांढरी दोनच्या मधोमध ‘सुखकर्ता’ उचलतात, आणि पेटीवाल्याला देव आठवतो.

मडगावहून, व्हायोलिन :
आमच्या घरी आजोबा चर्चच्या शाळेत सोल्फा, म्हणजे दो-रे-मी, शिकलेले, त्यामुळे आणखी एक घोळ. पोर्तुगीज पद्धतीत ‘दो’ हलत नाही. तो कायम तुमची पांढरी एक. ‘रे’ म्हणजे कायम पांढरी दोन, ‘सोल’ पांढरी पाच. तुमचा ‘सा’ गायकाबरोबर फिरतो. एकदा एका कार्यक्रमाच्या तालमीत पेटीवाले म्हणाले, “रे द्या.” मी दिला. त्यांचा सा होता पांढरी चार, म्हणजे त्यांना हवी होती पांढरी पाच. शब्द तोच, सूर अडीच स्वरांनी लांब. तेव्हापासून मी हिंदुस्थानी माणसाबरोबर फक्त काळी-पांढरीत बोलतो.

आणि भाच्याचं ‘मायनर’ सहज सोडून देऊ नका. आमच्याकडे ‘ला मेनोर’ (ए मायनर) म्हणतात त्याचा सा असतो पांढरी सहा, पण सूर सगळे पांढरेच. पांढरी एक सा धरलात तर बिलावल थाट, सगळे सूर शुद्ध; पांढरी सहा धरलात तर तेच सात सूर आसावरी थाट, ग-ध-नी कोमल, म्हणजेच मायनर. बोटं तिथल्या तिथे, घर बदललं.

साखळीहून :
थोडं विषय सोडून. ‘पट्टीचा गवई’ यातली पट्टी पेटीची का?

पेटीवाला :
मला पटत नाही. पट्टीचे पोहणारेही असतात, ते काय पाण्यात पेटी घेऊन उतरतात? ‘वरच्या पट्टीत बोलणं’ मात्र गाण्यातूनच आलं असणार, आमच्या घरी तर रोजचं आहे.

फोंड्याहून :
काल रात्री पेटी काढली. गाणं खरंच सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर वाजतं, म्हणूनच मी पांढरी एक म्हणालो होतो. पण शेवटच्या ओळीखाली पांढरी एक धरून ठेवली तर ओळ अधांतरी राहते. पांढरी सहा धरली आणि लगेच टेकली. म्हणजे मायनरही बरोबर आणि ‘पांढरी एक नाहीच’ हेही त्याचंच बरोबर. भाच्याला अजून सांगितलेलं नाही. आधी भजनाची पट्टी उतरवावी लागेल, आमच्या बुवांना पांढरी सहाला तार सप्तक झेपणार नाही.