सगळं मोबाइलवर आलं म्हणे! मग बेळगावचा इतिहास कळला का कुणाला?

शहापूरचा_म्हातारा
काल इथं एकानं लिहिलं, 'गॅझेटियर, शिलालेख सगळं फोनवर आहे, आता अभिलेखागाराच्या पायऱ्या झिजवायला नकोत, प्राध्यापक तर नकोतच.' लाइकांचा पाऊस पडला. मला राहवेना.

बेळगाववर राज्य केलेल्या रट्ट घराण्यातल्या चौथ्या कार्तवीर्याचंच घ्या. १२०४ सालचे बेळगावचे दोन शिलालेख लंडनला, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बार्नेट या इंग्रज पंडितानं केलेलं वाचन एपिग्राफिया इंडिका या शिलालेखांच्या ग्रंथमालेच्या तेराव्या खंडात आहे, आणि तो खंड फुकट उतरवून घेता येतो. मान्य. पण ग्रुपवर काय फिरतं? कुठल्यातरी दगडाचा अर्धा कापलेला फोटो, खाली 'आपलंच राज्य होतं, शेअर करा'. लेख कन्नडमध्ये, दान जिनालयाला, म्हणजे जैन मंदिराला, एवढं तरी वाचायचं की नाही? खंड उतरवून घेणारे शंभर, उघडणारा एक.

खानापूरची_लेक
काका, तुम्हाला सगळं हाताशी होतं. आमच्याकडं बेळगाव जिल्ह्याचं १८८४चं गॅझेटियर मागितलं की 'कपाटाची किल्ली साहेबांकडं' असं उत्तर. साहेब कधी भेटले नाहीत. हलशीचे कदंबांचे ताम्रपट, फ्लीट या इंग्रज अभ्यासकानं वाचलेले, मी आज स्वयंपाक आवरल्यावर फोनवर वाचते. कपाटं तुमच्या पिढीनं बंद ठेवली, आता फॉरवर्डवाल्यांना नावं कसली ठेवता?

वडगावकर
ताम्रपट राहू द्या, जमिनीच्या उताऱ्याचं बोला. आजोबांचे कागद मोडीत, वडिलांचे मुंबई राज्यातले बाळबोध, आणि आता संगणकावरचा उतारा कन्नडमध्ये. चढवताना आडनावातलं एक अक्षर गळलं. आता बँक म्हणते, ही दोन वेगळी माणसं. हेलपाटे घालून चपला झिजल्या. हा इतिहास नव्हे होय?

कित्तूर_रोड
कर्नाटकात राहून कन्नड उतारा वाचता येत नाही, ही तक्रार कुणाकडं करायची? कार्तवीर्याचा लेख वाचायलाही कन्नडच लागतं बरं का.

वडगावकर
मला शिकवू नका. माझी पोरं फाडफाड कन्नड बोलतात. गळलेलं अक्षर त्यानं परत येतं का? आणि १९५६ला आम्हाला म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, टाका म्हणून अर्ज केला होता काय आम्ही?

कित्तूर_रोड
आलं! काहीही काढा, गाडी तिथंच.

वडगावकर
तुमची पण जमीन दुसऱ्याच्या नावावर दिसू दे एकदा, मग बघू गाडी कुठं जाते ती.

चालक
सीमावादाचा, महाजन आयोगाचा धागा वेगळा आहे. इथं नको.

शहापूरचा_म्हातारा
लेकी, किल्लीचं लागलं हं. बरं, आम्ही सगळे कुलूपवाले, तुम्ही मुक्तिदाते. आता हे ऐक. माळ्यावरचे आमचे मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, एका उत्साही पोरानं सोडले, भराभर फोटो काढले, त्यावर स्वतःचं नाव छापून नेटवर टाकले. कुठलं पान कुठल्या रुमालातलं, पाठीवर काय होतं, कशाचाच पत्ता नाही. रुमाल परत बांधले तेही उलटसुलट. पूर्वी निदान क्रम तरी होता.

खानापूरची_लेक
मग नंबर घालून तुम्हीच काढायचे होते फोटो. तिकडं बेंगळूरूत मिथिक सोसायटी ही संस्था शिलालेखांचं त्रिमितीय स्कॅनिंग करतेय, डोळ्यांना न दिसणारी झिजलेली अक्षरं त्यात उठून दिसतात. आणि आपल्याकडं? वाळवीला ना नंबर लागतो, ना क्रम.

शहापूरचा_म्हातारा
स्कॅनिंगला माझी ना नाही. अडाणी स्कॅनिंगला आहे.

कित्तूर_रोड
वडगावकर, तुमच्या आजोबांचा कागद फेरफाराचा असेल तर दाखवा. मोडी वाचणारे एक मास्तर ओळखीचे आहेत, कन्नड तर्जुमा मी करून देतो. पैसे नकोत. फक्त म्हैसूर राज्य काढायचं नाही.

वडगावकर
बघतो. फोटो पाठवला तर चालेल?

शहापूरचा_म्हातारा
मूळ कागदच न्या. फोटोत शिक्का उठत नाही.

खानापूरची_लेक
घ्या! झालं परत सुरू.