सासूबाईंची गुडघ्याची गोळी आणि पायावरची सूज

रानजाई
सासूबाई ६८ वर्षांच्या, दोन्ही गुडघ्यांची झीज. डायक्लोफिनॅक ५० सकाळ-संध्याकाळ घेतात, जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून आणतात. बीपीसाठी टेल्मिसार्टन-एच चालू आहे. हल्ली संध्याकाळी पाय सुजतात, घोट्याजवळ बोट दाबलं की खड्डा राहतो. बीपी १३०च्या आसपास असायचं, काल १५८ आलं. त्या म्हणतात, "पँटॉप (अ‍ॅसिडिटीची गोळी) घेते की सोबत, मग काय होतंय?" गोळीमुळे असेल का हे? ती बंद केली तर त्यांना जिना उतरवत नाही.

फार्मासिस्ट, मिरज
रानजाईताई, असू शकतं. काउंटरवर अशी माणसं मला सारखी भेटतात. पँटॉपने जठर सांभाळलं जातं, किडनीला त्याचा उपयोग नाही. दुखणं कमी करायला डायक्लोफिनॅक प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन अडवते. पण किडनीचा रक्तपुरवठा नीट ठेवायलाही तेच लागतं. ते कमी पडलं की अंगात मीठ-पाणी साठतं, पाय सुजतात, बीपी चढतं. त्यात तुमच्या बीपीच्या गोळीतला 'एच' म्हणजे लघवी वाढवणारं औषध. टेल्मिसार्टन, ते आणि दुखण्याची गोळी, तिन्ही एकत्र चालू असताना जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हाळ्यात पाणी कमी प्यायलं गेलं, तर म्हाताऱ्या माणसाची किडनी अचानक बिघडते. सूज नसतानाही बिघडते, म्हणून मला याची जास्त धास्ती वाटते.

डायक्लोफिनॅक आजच थांबवा. बीपीची गोळी मात्र मनाने बंद करू नका. उद्या डॉक्टरांना दोन्ही स्ट्रिपा दाखवा आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), पोटॅशियम, हिमोग्लोबिन तपासायचं का ते विचारा. आणखी एक, संडासला डांबरासारखं काळं होतं का (पोटात रक्त जात असल्याची ती खूण), हे त्यांना स्पष्ट विचारा. घरातल्या बायका हे आपणहून सांगत नाहीत. तसं होत असेल, लघवी कमी झाली असेल, धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर उद्याची वाट न बघता आजच दवाखाना गाठा.

वऱ्हाडी मावशी
तोवर कॉम्बिफ्लाम चालते का हो दादा? आमच्या घरी तीच असते.

फार्मासिस्ट, मिरज
नाही मावशी. तिच्यात आयब्युप्रोफेन आहे, म्हणजे गट तोच. असेक्लोफिनॅकही त्यातलंच. नाव बदललं की औषध बदललं असं लोक समजतात आणि दोन-दोन गोळ्या एकत्र घेतात. नुसती पॅरासिटामॉल या गटातली नाही, लिव्हरचा त्रास नसेल तर डॉक्टरांना विचारून ती घेता येते.

रानजाई
संडासचं विचारलं, काळं होत नाही म्हणाल्या. लघवीही ठीक आहे. उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली. डायक्लोफिनॅकचं जेल लावलं तर?

फार्मासिस्ट, मिरज
बरं केलंत. जेलमधून रक्तात फार थोडं उतरतं, गुडघ्यासाठी ते चांगलं आहे. पण रिपोर्ट येऊ द्या, डॉक्टर हो म्हणाले की मग लावा. गोळीचा त्रास ठरला तर १८००-१८०-३०२४ या सरकारी हेल्पलाइनवर तुम्ही स्वतःही कळवू शकता. स्ट्रिप फेकू नका, बॅच नंबर विचारतात.