बार्तोलीचं विम्बल्डन कुणी दान दिलं नव्हतं

लाल_माती: ‘विम्बल्डन सर्वांत स्वस्तात कुणाला पडलं’ या धाग्यावर एकानं लिहिलंय, ‘फ्रान्सच्या मारियॉन बार्तोलीला. २०१३ला सेरेना, शारापोव्हा, अझारेंका आधीच बाहेर, हिनं आयतं उचललं.’ वाचून डोकं फिरलं. बाई सात सामने खेळली, एकही सेट दिला नाही. फायनलला लिसिकीला ६-१, ६-४. सेरेनाला घरी धाडलं होतं ते याच लिसिकीनं! बार्तोलीची ती ४७वी ग्रँड स्लॅम, आधीच्या ४६ रिकाम्या गेल्या होत्या. आणि २००७ची सेमी विसरलात? समोर नंबर एक जस्टिन हेनिन, पहिला सेट १-६ गेलेला. पुढचे दोन हिनं ७-५, ६-१ काढले.

सर्व्ह_अँड_व्हॉली: ते मीच लिहिलंय आणि मत बदललेलं नाही. २००७च्या फायनलला व्हीनसनं हिला ६-४, ६-१ पाडलं, तेही सांगा की. २०१३ला हिच्यासमोर आलेलं सर्वांत वरचं मानांकन १७वं, स्लोन स्टीफन्सचं. पहिल्या दहातली एकही नाही. मग सहा आठवड्यांत सिनसिनाटीला हालेपकडून हरली आणि २८व्या वर्षी निवृत्ती! विजेतीनं पुढच्या वर्षी सेंटर कोर्टवर उतरून दाखवायला हवं होतं.

लाल_माती: ड्रॉ, म्हणजे कुणासमोर कोण येणार ती सोडत, काय खेळाडू काढतो? पाऊण-एक तास खेळलं की अंग असह्य दुखतं, असं ती निवृत्ती जाहीर करताना रडत सांगत होती. अजून काय दाखवायचं होतं तिनं?

टेनिसवाली_आई: ते राहू द्या. तिच्या देशाच्या टेनिस फेडरेशननं तिचं काय केलं, त्यावर कुणीच बोलत नाही. वडील वॉल्टर डॉक्टर, दवाखाना सोडून मुलीला शिकवलं. फेड कपला, म्हणजे देशोदेशींच्या महिला संघांच्या स्पर्धेला, वडील कोच म्हणून चालणार नाहीत असं फेडरेशनचं म्हणणं, म्हणून ती वर्षानुवर्षं संघाबाहेर, आणि त्यापायी २०१२चं लंडन ऑलिंपिक हुकलं. आमच्याकडेही तेच. मुलीला तिचे बाबा शिकवतात, तर जिल्ह्याच्या निवड चाचणीला ऐकवलं, ‘आधी अकादमी लावा.’ पोरगी त्या रात्री जेवली नाही.

सर्व्ह_अँड_व्हॉली: ताई, मुलीचं ऐकून वाईट वाटलं. पण बापांचं कौतुक नको. डबल फॉल्ट झाला म्हणून पोरीच्या पाठीत रॅकेट घालणारा बाप मी डोळ्यांनी पाहिलाय. बार्तोलीनंही २०१३च्या सुरुवातीला वडिलांचं कोचिंग थांबवलं, फ्रान्सचीच माजी नंबर एक अमेली मोरेस्मोची मदत घेतली आणि त्याच वर्षी जिंकली.

टेनिसवाली_आई: अहो, सगळ्या बापांना एका माळेत ओवू नका! दोन्ही बाजूंनी दोन हातांनी मारायचं, हे तसंच खेळणाऱ्या मोनिका सेलेसला पाहून वडिलांनीच तिच्या अंगी बाणवलं. मोरेस्मोनं पाच महिन्यांत शिकवलं का ते? जिंकल्यावर ती प्रेक्षकांत चढली, ते वडिलांना मिठी मारायलाच ना?

लाल_माती: धागा बार्तोलीवर आहे हो. बापांचं नंतर.

सर्व्ह_अँड_व्हॉली: बरं. सातही सामने सरळ सेटमध्ये मारणं खायचं काम नाही, एवढं मानतो. ड्रॉ सोपा होता, हे मात्र शंभरदा म्हणेन. आणि बापांवर मी वेगळा धागा काढतोय.

टेनिसवाली_आई: काढाच. पहिला प्रतिसाद माझा.